बारा फुटांत दोन माणसं आणि एक पेटी

सर दुकानात आले ते नकाशा घेऊनच. चौकटीच्या वहीचा कागद, त्यावर पेन्सिलीने वरून पाहिल्यासारखी काढलेली गाडी. मागे आडवा पलंग, त्याला लागून ओटा, ओट्यासमोर छोटा संडास आणि पुढे समोरासमोर दोन बाकडी. कडेला लिहिलं होतं: लांबी ६ मीटर. "एवढं बसवून दे. गाडी मी बघतो," म्हणाले.

मी फोंडा तालुक्यात फर्निचरचं काम करतो. वॉर्डरोब, ओटे, देवघरं. गाडीच्या आत काम करायची ही पहिलीच वेळ. पण सरांनी मला आठवी ते दहावी गणित शिकवलंय, तेव्हा 'जमणार नाही' म्हणायची सोय नव्हती. एकच विचारलं, "सर, रात्री गाडी ठेवणार कुठे?"

"घरी. आणखी कुठे ठेवतात?"

सरांचं घर मला माहीत होतं. सगळा घोळ तिथेच होता.

पुढे जे घडलं ते सविस्तर लिहितोय, कारण गेल्या वर्षभरात चार जणांनी मला 'छोटी कॅम्पर (आत झोपायची सोय असलेली गाडी) घ्यायची तर किती लांबीची घेऊ' असं विचारलं आणि चौघांच्याही हातात कुठल्यातरी परदेशी गाडीचा फोटो होता. सर आणि बाई, म्हणजे सरांच्या पत्नी, यांची परवानगी घेतली आहे. नावं आणि वाडा (वस्ती) तेवढा गाळलाय.

गरज कुठून आली

सर ६३ वर्षांचे, निवृत्त. बाईही शिक्षिका, प्राथमिकच्या. त्या सरांनंतर दोन वर्षांनी निवृत्त झाल्या. सर पेटी वाजवतात. भजनी मंडळाबरोबर सप्ताह, जत्रा, काला आणि अधूनमधून एखाद्या नाट्यप्रयोगाला साथ. शिवाय वर्षातून एकदा पंढरपूर, दोनदा मुलीकडे कोल्हापूर, आणि थंडीत आंबोली किंवा गोकर्ण असं दोघांचं ठरलेलं.

फिरायची हौस हे कारण नव्हतंच. कार्यक्रम संपतो रात्री एक-दीडला. त्यानंतर घरी गाडी चालवत यायचं तर समोरच्या एलईडी दिव्यांनी सरांचे डोळे दिपायला लागले होते. एकदा चोर्ला घाटातून उतरताना बाईंनी त्यांना वळणावर गाडी बाजूला घ्यायला लावली आणि उजाडेपर्यंत दोघं सीटवर अवघडून बसून राहिली. सकाळी बाई म्हणाल्या, "पुन्हा हे नको. झोपायची सोय असेल तर येईन, नाहीतर तुम्ही जा आणि पेटी जाऊ दे."

मागणी इतकीच होती. तिची सहा मीटरची गाडी कशी झाली हे समजायला सरांचा मोबाईल बघावा लागला. निवृत्तीनंतर त्यांनी युरोपातल्या कॅम्पर व्हॅनचे शेकडो व्हिडिओ बघितले होते.

'कॉम्पॅक्ट' म्हणजे किती

तिकडे सहा मीटरच्या आतली गाडी कॉम्पॅक्ट म्हणवली जाते, आणि त्यांच्या हिशेबाने ते बरोबर आहे. युरोपात बऱ्याच कॅम्पर फियाट डुकाटोवर बांधतात. ती ५.४१, ५.९९ आणि ६.३६ मीटर अशा लांब्यांत येते. ५.९९ हा आकडा उगीच आलेला नाही. तिथल्या अनेक बोटी आणि कॅम्पिंगच्या जागा लांबीवर पैसे आकारतात आणि सहा मीटरला दर बदलतो. डुकाटोची रुंदी २.०५ मीटर, म्हणून त्यात माणूस आडवा झोपू शकतो. पलंग आडवा टाकला की गाडीच्या लांबीतले दीड-दोन फूट वाचतात आणि तिथे संडास बसतो. सरांनी काढलेला नकाशा हाच होता, फक्त रुंदीचा विचार न करता.

जपानमध्ये हाच शब्द पार दुसऱ्या टोकाला जातो. तिथल्या केई वर्गातल्या गाडीला कायद्यानेच ३.४ मीटर लांबी, १.४८ मीटर रुंदी आणि ६६० सीसीची मर्यादा आहे, आणि तेवढ्यात लोक पलंग, सिंक, दिवे सगळं बसवतात. आपल्याकडची मारुती इको त्याच घराण्यातली. सुझुकीच्या छोट्या व्हॅनवरून वर्सा आली आणि २०१० मध्ये वर्साची इको झाली. लांबी ३६७५ मिलिमीटर, रुंदी १४७५. माझ्या टेपवर मोजली तर बारा फुटांना जेमतेम एक इंच वर.

म्हणजे 'कॉम्पॅक्ट' या शब्दाला साडेतीन मीटरही चालतात आणि सहाही. ज्या गावात गाडी वळवायची त्या गावावर ते ठरतं.

सरांचा दुसरा आकडा चार मीटरचा होता. ते कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं: "चार मीटरच्या आत घ्या, तीच खरी छोटी." चार मीटरची ही रेघ करखात्याची आहे. २००६ पासून लहान मोटारींना करात सवलत मिळते. लांबी ४००० मिलिमीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सीसी, डिझेलचं असेल तर १५०० सीसीपर्यंत. २२ सप्टेंबर २०२५ पासून या गाड्यांना १८ टक्के जीएसटी आणि मोठ्यांना ४०. नवी गाडी घेणाऱ्याच्या खिशाला हा फरक मोठा आहे. पण माणूस आत पाय पसरू शकतो की नाही, याच्याशी या रेघेचा काडीचा संबंध नाही. चार मीटरच्या आतल्या बहुतेक मोटारींत पुढचं मीटरभर तरी बॉनेटच खातं.

ही बॉनेटची गोष्ट मला सगळ्यात आधी पटली, सुताराला पटण्यासारखीच आहे. लांबीचे पैसे देताना आपण नाकाचेही पैसे देतो. इनोव्हा क्रिस्टा ४७३५ मिलिमीटर, अर्टिगा ४३९५, इको ३६७५. कागदावर इको आणि क्रिस्टा यांच्यात साडेतीन फुटांचं अंतर. पण क्रिस्टाचं इंजिन पुढे नाकात आहे आणि इकोचं पुढच्या सीटांखाली. ड्रायव्हरच्या पाठीपासून मागच्या दारापर्यंत टेप लावली की ते साडेतीन फूट बरेच आटतात. म्हणून गाडीची एकूण लांबी विचारू नये. ड्रायव्हरच्या पाठीमागे किती उरतं ते विचारावं.

पाणंद आणि पायथागोरस

सरांच्या घराकडे जाणारी पाणंद दोन्ही बाजूंनी चिऱ्याच्या गडग्यांची. रुंदी मोजली, सगळ्यात अरुंद जागी २ मीटर ६० सेंटिमीटर. मध्ये एक काटकोनी वळण, आणि वळणाच्या आतल्या कोपऱ्यावर घुमटी, म्हणजे देवाचं छोटं मंदिर. घुमटी हलणार नाही, हलवायचं कुणी बोलणारही नाही.

सरांना वाटत होतं, गाडी एक मीटर नव्वद रुंद, पाणंद दोन साठ, सत्तर सेंटिमीटर शिल्लक, मग अडचण काय? सरळ रस्त्यावर हे खरं आहे. वळणावर मागचं चाक पुढच्या चाकाच्या वाटेने जात नाही, ते आत कापत जातं. किती कापतं ते पुढच्या-मागच्या चाकांतल्या अंतरावर, म्हणजे व्हीलबेसवर अवलंबून. मी हे हातवारे करून समजावत होतो. सरांनी मला थांबवलं, जत्रेची एक जुनी नोटीस उलटी केली आणि काटकोन त्रिकोण काढला. पुढचं बाहेरचं चाक ज्या वर्तुळावर फिरतं त्याची त्रिज्या कर्ण, व्हीलबेस एक बाजू, उरलेली बाजू म्हणजे मागच्या चाकाची त्रिज्या. त्यांनीच विचारलं, "आठवीत शिकवलं होतं. विसरलास?"

सहा मीटर त्रिज्येचं वळण धरा. साडेतीन मीटर व्हीलबेसच्या व्हॅनचं मागचं चाक १ मीटर १३ सेंटिमीटर आत येतं. त्यात गाडीची १.९ मीटर रुंदी मिळवली की वळणावर तीन मीटरच्या वर वाट लागते. इकोचा व्हीलबेस २.३५ मीटर. त्याच वळणावर मागचं चाक ४८ सेंटिमीटर आत येतं, रुंदी मिळवून झाले १ मीटर ९५. इको तर साडेचार मीटर त्रिज्येतही वळते. तेव्हा ६६ सेंटिमीटर आत येते आणि वाट लागते २ मीटर १४. बंपरचा चाकापुढचा भाग धरला तर हे आकडे थोडे वाढतात, पण निकाल बदलत नाही.

निकाल कागदावर लागला तरी सरांचं मन मानेना. ओळखीतला एक जण शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतो, साडेपाच मीटरची. त्याला एका रविवारी सकाळी बोलावलं. वळणापर्यंत व्हॅन झोकात आली. वळताना घुमटीपासून चार बोटांवर थांबली. रिव्हर्स घेतला, पुन्हा आत घेतली, पुन्हा रिव्हर्स. चौथ्या खेपेला मागच्या चाकापलीकडची शेपटी बाहेरच्या बाजूला फिरली आणि समोरच्या गडग्याचे दोन चिरे खाली आले. आतल्या बाजूचं चाक सांभाळताना बाहेरच्या शेपटीकडे कुणाचं लक्षच नव्हतं. लांब गाडी दोन्हीकडून घासते, ती अशी. चिरे सरांनी त्याच संध्याकाळी गवंड्याकडून बसवून घेतले. शेजाऱ्यांनी चहा पाजला, पण दोन दिवस त्यांच्या बोलण्यात जरा थंडपणा होता.

गाडी बाहेर हमरस्त्यावर ठेवायचा पर्याय होताच. बाईंनी तो एका वाक्यात निकालात काढला: "रात्री दीडला मी पेटी, तंबोरा आणि डबे घेऊन पाणंदीतून चालत येणार नाही."

अंगणातली रांगोळी

लहान गाडीकडे मन वळलं तरी लहानात माणूस मावतो का, हा प्रश्न उरलाच. मला वाटतं, गाडी बघायला जाण्याआधी प्रत्येकाने हे करावं, फुकट आहे. बाईंनी सारवलेल्या अंगणात रांगोळीने तीन आयत काढले. इको, अर्टिगाच्या लांबीची एक गाडी आणि ती साडेपाच मीटरची व्हॅन. बाहेरच्या मापात नव्हे, ड्रायव्हरच्या पाठीमागे प्रत्यक्ष जेवढी जागा उरते तेवढे. त्यात घरच्या गाद्या टाकल्या, स्टूलवर स्टोव्ह ठेवला. मग दोघं संध्याकाळी सहा ते नऊ त्या आयतांत राहिली. रांगोळी ओलांडायची नाही अशी अट.

सरांची उंची १७८ सेंटिमीटर, बाईंची १५४. मोठ्या आयतात सर आडवे झोपायला गेले आणि दोन्हीकडून रांगोळी पुसली गेली. आतून पत्रा, पॅनल, इन्सुलेशन जाऊन त्या व्हॅनमध्ये आडवं माप पावणेदोन मीटरच्याही आत येतं. बाई आडव्या मावतात, सर मावत नाहीत. म्हणजे युरोपातला आडवा पलंग इथे बाद. पलंग उभा टाकायचा तर सहा फूट तिथेच गेले. त्यापुढे ओटा दोन फूट, संडास अडीच फूट. मोठ्या गाडीची मोठी लांबी बघता बघता संपली. आणि तीन तासांत दोघांपैकी कुणीही त्या संडासाच्या चौकोनात पाऊल ठेवलं नाही हे बाईंनीच दाखवून दिलं.

लहान आयतात वेगळंच दिसलं. झोपायला दोघं कशीबशी मावली. अडचण आली ती कपडे बदलताना, चादर झाडताना आणि सरांना पाणी प्यायला उठायचं होतं तेव्हा बाईंना ओलांडून जाताना. लहान गाडीत झोपायला जागा कमी पडत नाही, उठायला पडते.

नऊ वाजत आले तेव्हा पाऊस आला. सप्टेंबर होता. तिन्ही गाड्या वाहून गेल्या आणि सगळे पडवीत आले. पण त्या पावसाने एक मुद्दा आणून दिला. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. छोट्या कॅम्परचं जगणं निम्मं गाडीबाहेर चालतं: दार उघडं, मागे चहा, बाजूला खुर्ची. ते बाहेरचं घर पावसाने काढून घेतलं की बारा फुटांत खरोखर बारा फुटांतच राहावं लागतं.

बाईंची वही

इथे मी माझ्या परीने मधला मार्ग सुचवणार होतो. बाई आत जाऊन हिशेबाची वही घेऊन आल्या. त्या रोजचा खर्च लिहितात. मागच्या दोन वर्षांत किती रात्री घराबाहेर काढल्या आणि कुठे, हे वहीत होतंच. आम्ही फक्त मोजलं. एकूण ३८ रात्री. त्यातल्या १४ मुलीकडे आणि नातेवाइकांकडे, तिथे गाडीत कोण झोपणार? ११ देवस्थानांच्या अग्रशाळांत किंवा भक्तनिवासात. ९ रात्री अशा की कार्यक्रमानंतर झोपायला धड जागा नव्हती किंवा होती ती नकोशी होती. उरलेल्या ४ हॉटेलात.

म्हणजे गाडीची खरी गरज तेरा रात्रींची. त्यांतल्या धो-धो पावसातल्या तीन: वास्कोचा दामोदर सप्ताह आणि माशेलचा चिखलकाला (चिखलात खेळायचा उत्सव).

सगळ्यात मोठी भर पडली ती अग्रशाळांमुळे. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो: मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी, नागेशी अशा आमच्या देवळांना लागून कुळाव्यांना, म्हणजे ज्यांचं ते कुलदैवत त्यांना, उतरण्यासाठी खोल्या असतात, त्या अग्रशाळा. खोली मिळाली नाही तरी आधी विचारलं तर आवारात गाडी लावू देतात, नळ आणि संडास वापरू देतात. सरांची निम्मी वाट अशा देवळांवरून जाते. मग अडीच फुटांचा संडास गाडीतून कशाला न्यायचा? तो नकाशावरून खोडला आणि सहा मीटर असण्याचं मुख्य कारणच गेलं.

ओट्याचाही असाच निकाल लागला, पण कारण वेगळं. गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करायला बंदी आहे. २०१९ च्या दुरुस्तीत एकट्या माणसाला दोन हजार आणि गटाला दहा हजार रुपये दंड होता, पुढे तो वाढला. किनाऱ्यावर गाडी नेणं तर गुन्हाच. म्हणजे व्हिडिओत दिसतं तसं समुद्राकडे तोंड करून डिकी उघडून कांदा परतणं इथे विसरायचं. स्वयंपाक करायचाच तर आत, बंद गाडीत. बंद छोट्या गाडीत गॅस पेटवायला मी साफ नकार दिला. इंडक्शनचा हिशेब सरांनी केला: हजार वॉटची शेगडी वीस मिनिटं म्हणजे ३३३ वॉट-तास, १२ व्होल्ट १०० ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीत साधारण बाराशे. कागदावर भात-आमटी तीनदा होईल. पण लेड-ॲसिडची तेवढी बॅटरी तीस किलोच्या घरात, शिवाय इन्व्हर्टर. बाई म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं सकाळी उठून भात-आमटीच केली. गाडीत चहा होईल, बाकी काही होणार नाही." विषय संपला. माझ्या मते सगळ्या चर्चेतलं हे सगळ्यात मोलाचं वाक्य होतं, दोन फूट वाचले.

कागदपत्रं आणि फेरीबोट

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवर लिहिलेली गाडी आणि रस्त्यावरची गाडी यांत मनमानी फरक करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तेच आणखी ठासून सांगितलं. संपूर्ण कॅम्पर बांधायची तर मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे आणि खासगी वापराच्या कॅम्पर व्हॅनचा नोंदणीत स्वतंत्र वर्गही आहे. एका गाडीसाठी सुताराने हे सगळं करणं माझ्या आवाक्याबाहेरचं. म्हणून आम्ही पत्र्याला हात लावायचा नाही, वायरिंग तोडायचं नाही, उंची वाढवायची नाही असं ठरवलं. मागची सीट काढायची म्हणजे आसनसंख्या बदलते, त्यासाठी आधी परवानगीचा अर्ज. आधी अर्ज, मग स्क्रू. सरांचा त्यात बराच वेळ गेला, वहीत दहा फेऱ्यांची नोंद आहे. स्वस्त पडते म्हणून मालवाहू इको घ्या असंही एकाने सुचवलं होतं. तिची नोंदणी माल वाहण्यासाठी होते, घरच्या फिरण्यासाठी ती नकोच.

फेरीबोटीची भीती मात्र फुकट निघाली. दिवाडी, चोडण इथले कार्यक्रम सर चुकवत नाहीत. आमच्या फेरीत चारचाकीला पैसे पडतात, पण लांबीचा मीटर कुणी लावत नाही. तिथे अडचण असते ओहोटीला. पाणी उतरलं की धक्का आणि बोट यांच्यामधल्या फळीला उतार येतो, आणि लांब शेपटीची गाडी चढताना मागून घासते, लांब व्हीलबेसची असेल तर पोटावर टेकते. चाकं कडेला आणि शेपटी आखूड असलेली गाडी बिनघोर चढते. २०२५ पासून रायबंदर-चोडणला रो-रो, म्हणजे जास्त गाड्या घेणाऱ्या मोठ्या बोटीही आल्या आहेत. लांबीच्या बाजूने बोलायला उरलं ते हायवे आणि घाट. घाटात उंच, लांब गाडी वाऱ्याने आणि वळणांनी झुलते, तिथेही लांबीला मत मिळालं नाही.

काय बांधलं

सेकंडहँड इको घेतली, पेट्रोलची. आतलं काम तीन आठवड्यांचं होतं, पाच आठवडे लागले.

पलंग तीन फळ्यांचा, बारा एमएम मरीन प्लाय, खाली ॲल्युमिनियमचे पाय. उंची फक्त अकरा इंच. यावर मी अडून बसलो होतो. खाली सामान मावावं म्हणून सगळे पलंग उंच करतात आणि मग बसलं की डोकं टपाला लागतं. छोट्या गाडीत रात्रभर झोपता येण्याइतकंच पाऊसभर बसता येणं महत्त्वाचं. मधली फळी उचलली की पाय खाली सोडून बसायला खड्डा होतो. कपडे तिथेच उभं न राहता बदलायचे, तेवढी सवय लागते.

मागच्या दाराशी पलंगाखालून सरकून बाहेर येणारी दीड फुटाची पेटी, म्हणजे खोका. 'पेटी' म्हटलं की या घरात गोंधळ होतो. त्यात चहाचं सामान, पाण्याचा कॅन, डबे. इकोचं मागचं दार वर उघडतं, त्याखाली एक माणूस पावसात कोरडा उभा राहतो. संडास नाही, सिंक नाही, वर काही नाही. दोन सरकत्या दारांना मच्छरदाणीचं कापड लोहचुंबकाच्या पट्टीने लावलं. गोव्यात कॅम्परमधली सगळ्यात आवश्यक वस्तू हीच आहे, पलंगाच्याही आधी.

सरांची १७८ सेंटिमीटर मात्र सरळ मावेनात. पुढच्या दोन सीटांच्या मधली फट होती. डोकं मागच्या दाराकडे, पाय फटीत, हँडब्रेकच्या बाजूला. म्हणून सर मध्याकडे झोपतात आणि बाई डाव्या कडेला. इंजिन सीटांखाली असल्यामुळे गाडी थांबवल्यावर तासभर तिथे ऊब राहते. आंबोलीत डिसेंबरमध्ये सरांना ती फार आवडली. मे महिन्यात पाय फटीतून काढून ते गुडघे दुमडून झोपले.

वर्षानंतर

१४ महिने झाले. बाईंच्या वहीत गाडीतल्या १९ रात्री आहेत, म्हणजे आमच्या अंदाजापेक्षा बऱ्याच जास्त. हॉटेलची एकही नाही. चिखलकाल्याच्या रात्री मात्र दोघं गाडी सोडून ओळखीच्यांच्या पडवीत जाऊन झोपली. ओले कपडे, बंद काचा, आतून पाझरणारं पाणी, बारा फुटांत ते शक्य नव्हतंच. ते आम्हाला आधीच माहीत होतं आणि तीन रात्रींसाठी सतरा-अठरा फूट विकत घ्यायचे नाहीत असं ठरवूनच गाडी घेतली होती. बाईंना त्याचं वाईट वाटत नाही. सरांना थोडं वाटतं.

एक चूक मात्र माझी. रांगोळीच्या आयतांत आम्ही गाद्या ठेवल्या, स्टोव्ह ठेवला, पाण्याचा कॅनही ठेवला. ज्या वस्तूसाठी हा सगळा प्रवास चालतो ती पडवीत कोपऱ्यातच राहिली. पहिल्याच कार्यक्रमाला निघताना सर पेटी घेऊन आले आणि तिला जागाच नव्हती. पलंगाखाली अकरा इंचांत ती खोक्यासकट जात नाही. पलंगावर ठेवली तर एक माणूस कमी. टपावर कॅरिअर लावून दमट हवेत पेटी नेणं सरांना मान्य नव्हतं, भात्याचं चामडं आणि पट्ट्या खराब होतात. प्रवासात ती पलंगावर, दोन उशांमध्ये. रात्री ड्रायव्हरच्या सीटवर, पट्टा लावून.

म्हार्दोळच्या आवारात पहाटे झाडलोट करणाऱ्या एका बाईने काचेतून पट्टा लावलेली पेटी आणि तिच्या शेजारी बाहेर आलेली दोन पावलं बघितली, आणि देवळात जाऊन सांगितलं की गाडीत कुणीतरी उलटा झोपलाय. परवा सर दुकानात आले होते. मागचं दार पाच इंच फुगवून मिळेल का, असं विचारत होते. नाही म्हटलं. जाताना त्यांनी माझी टेप नेली ती अजून परत आलेली नाही.